धारणीवालीची ओळ

आमच्या घरामागच्या धारणीवालीइतकी हट्टी बाई अख्ख्या अमरावतीत दुसरी नाही. असलीच, तर तीही हिनंच धारणीहून आणून वसवली असेल. ती कोरकू आदिवासी, बांधकामावर विटा वाहायला आलेली. बस स्टँडवर मेळघाटातलं कुणी बोचकं घेऊन उतरलं की त्याला गाव विचारायची आणि थेट आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर घेऊन यायची. दोन वर्षांत अकरा झोपड्या झाल्या, पण वाटेल तशा नाही. त्यांच्या गावात घरांच्या दोन सरळ ओळी असतात, मधे रस्ता, दारं समोरासमोर. इथंही तेच. एकानं झोपडी हातभर पुढं घेतली, तर हिनं ती उपटायला लावली. तिच्या स्वतःच्या दारासमोर मात्र माझी मागची भिंत येत होती.

"मावशी, तुमचं घर आमाले पाठ दाखवून राहिलं. फिरवा ना."

"घर काय खाट आहे फिरवाले?" मी म्हटलं.

आठ दिवसांनी पाहते तर भिंतीवर पांढऱ्या मातीनं दार काढलेलं, कडीकोयंड्यासकट. मी खूप भांडले. ती ऐकत होती आणि बोटानं चौकट सारखी करत होती.

मग प्लॉटवाल्यानं इमारत बांधायला काढली. झोपड्या उठणार होत्या. ठेकेदार माणूस भला. एकेका कुटुंबाला एकेका साइटवर राखणदारीची पक्की खोली देतो म्हणाला. मीही म्हटलं, "घे नं बाई, कावून अडून बसली?"

"येगयेगळे राह्यलो तर पोट्टे कोरकू कोनाशी बोलतीन, मावशी? भिताडाशी?"

महिनाभर काम सुटलं की ती बायपासपलीकडची वावरं पालथी घालायची. शेवटी एका शेतकऱ्याची पडीक पट्टी मिळवली आणि अकराही घरं तिकडं नेली.

मी ऑटोनं बघायला गेले. दोन ओळी, मधे रस्ता. तिच्या दारासमोर जागा मोकळी.

"हे कोनाचं?"

"तुमचं."

"मी का झोपडीत राहाले येऊ?"

"नका येऊ. जागा तुमचीच हाय."

परवा धारणीहून नवं जोडपं आलं, त्यांना तिनं ओळीच्या पार शेवटी बसवलं. माझ्या जागेवर ती बकरीसुद्धा बांधू देत नाही. जागा फुकट घालवली, असं मी तिला तोंडावर सांगितलं. गुडघ्यांमुळं माझं जाणं कमी झालंय. गेले की त्या जागेवर भुईवरच बसते. पोरं मधल्या रस्त्यावर कोरकूत भांडत असतात. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. तिथून उठवत मात्र नाही.