पहिल्या चावीत जे उरलं

माझा डावा हात कोपरापासून पुढे पुरता वळत नाही. कुणी विचारलं की मी मोटरसायकलवरून पडलो म्हणून सांगतो. खरं तर तो हात माझ्याच कॅमेऱ्याच्या लाकडी स्टँडनं मोडला, भर दुपारी, पाण्याच्या टँकरपासून तीस पावलांवर. ज्यानं मोडला त्याचा मला राग नाही. तेव्हाही फारसा आला नव्हता.

लातूर तेव्हा उस्मानाबादेपासून नुकतंच वेगळं झालं होतं. जिल्हा नवा, कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, आणि पाऊस लागोपाठ गेलेला. गोलाईत आमचं कापडाचं दुकान होतं. वडील सकाळी लिंगपूजा आटोपून गादीवर बसत, आणि मी दुकानाच्या वरच्या खोलीत फोटो स्टुडिओ चालवत असे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. पण मला हलणारं चित्र काढायचं होतं. सिनेमा काढायचा म्हणजे काय करायचं हे सांगणारं लातुरात कुणी नव्हतं. नांदेडला एक म्हातारे उस्ताद होते. तरुणपणी ते फिरत्या टॉकीजची मशीन चालवायचे, नंतर कुणा बातमीपटवाल्याच्या हाताखाली कॅमेरा शिकले. त्यांच्याकडे चावीचा सोळा एमएमचा एक कॅमेरा होता. मी दर रविवारी बसनं नांदेडला जाऊ लागलो.

पहिले तीन महिने उस्तादांनी मला कॅमेऱ्यात फिल्म भरू दिली नाही. रिकामाच कॅमेरा हातात द्यायचे. त्याच्या तोंडाशी एक फिरती तबकडी होती, तिच्यावर तीन लेन्स. एक रुंद, सगळं गाव मावेल अशी. एक मधली, माणसाच्या डोळ्यासारखी. आणि एक पंच्याहत्तरची, लांबच्या माणसाचा चेहरा ओढून जवळ आणणारी. बाजूला चावी. पूर्ण पिळली की कॅमेरा अर्ध्या मिनिटाला थोडं कमी एवढा चालायचा, मग थांबायचा. पुन्हा चावी द्यायची. पूर्ण रीळ पावणेतीन मिनिटांचं.

"म्हणून आधी डोक्यात शॉट घे, मग बोट दाब," उस्ताद म्हणायचे. "आन् दुसरा डोळा मिटू नको. एका डोळ्यानं फ्रेम बघ, दुसऱ्यानं बाहेर काय चालून राहिलंय ते बघ. नाही तर एक दिवस बैल येऊन तुला उडवील, तुला पत्ताबी लागायचा नाही."

भर उन्हात माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, तेव्हा पांढरं धोतर ताणून धरायचं आणि उजेड चेहऱ्यावर परतवायचा, हे त्यांनीच शिकवलं. वाहत्या पाण्याच्या मागे सूर्य घेतला की पाणी चमकतं, हेही. आणि एक गोष्ट ते परत परत सांगत. "शॉट मिळत नसेल तर तू हल. माणसाला हलवू नको. तो त्याच्या कामात हाय, तू बिनकामाचा."

दुष्काळात टँकर पुरवणाऱ्या एका संस्थेला देणगीदारांना दाखवायला फिल्म हवी होती. ते काम आम्हाला मिळालं. संस्थेची जीप, मी आणि उस्ताद, असे आम्ही जळकोटच्या बाजूला डोंगरातल्या एका गावात गेलो. गावच्या दोन्ही विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर दिवसाआड यायचा. गावात एक वरची गल्ली, एक खालची. दोन्हींचं आधीपासून वाकडं होतं आणि टँकर आल्यापासून जास्तच. त्यातून एक तोड निघाली होती, की दोन्ही गल्ल्यांनी एकच लाइन लावायची, जी आधी आली ती पुढे. हे आम्हाला जीपच्या ड्रायव्हरनं वाटेत सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

टँकर आला तेव्हा दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. उस्तादांना ऊन सोसेना, ते पारावर पाणी प्यायला बसले. मला म्हणाले, "रुंद लेन्सनं लाइन घे, टँकर घे, बस. बाकी मी आल्यावर."

मी रुंद लेन्सनं लाइन घेतली. बायका, हंडे, घागरी, धूळ. रीळ संपलं. जीपच्या सावलीत बसून मी नवं भरलं आणि मला वाटलं, हे सगळं फारच साधं दिसतंय. टँकरच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याच्या बरोब्बर मागे सूर्य आला होता. त्या धारेजवळ एखादा चेहरा हवा होता. लाइनीत मागे, विसावी-बाविसावी असेल, एक बाई उभी होती. तिशीची, कपाळाला मोठं कुंकू, कमरेवर तांब्याची घागर. मी तिच्याकडे गेलो.

"ताई, जरा पुढं येता का? नळीपाशी उभं राहायचं, घागर भरायची. फोटो काढायचाय."

ती बावरली. "लायन हाय की दादा. बाया वरडतील."

"एका मिनिटाचं काम आहे. मी सांगतो त्यांना."

मी कुणालाच काही सांगितलं नाही. परत येऊन स्टँडवर कॅमेरा ठेवला, पंच्याहत्तरची लेन्स फिरवली, चावी पूर्ण दिली. ती लाइनीतून निघाली तसं मी बोट दाबलं. नळीपाशी पोचून तिनं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला.

लेन्समधून फक्त तिचा चेहरा, घागर आणि पाणी दिसत होतं. फार सुंदर दिसत होतं. मग डाव्या बाजूनं एक हात आला आणि तिचा खांदा मागे खेचला गेला. घागर निसटली. फ्रेममध्ये दुसरी बाई आली, ती ओरडत होती. माझा दुसरा डोळा मी घट्ट मिटून घेतला होता. चावी संपली, कॅमेरा थांबला.

मी डोळा उघडला तेव्हा लाइन राहिलीच नव्हती. ती बाई धुळीत पडली होती आणि तिच्या हातावर भरलेला हंडा आदळला होता. ती खालच्या गल्लीची होती. जिनं ओढलं ती वरच्या. दोन्हीकडून बायका एकमेकींच्या अंगावर गेल्या, केस धरून, हंड्यांनी, दातांनी. नळी कुणीच धरली नव्हती, पाणी नुसतंच वाहत होतं. एका म्हातारीच्या तोंडावर कळशी बसली. ती खाली बसून चिखलात आपले दात चाचपत होती. पाराकडून माणसं काठ्या घेऊन पळत आली. दगड सुरू झाले. घागरवाल्या बाईचा नवरा आला, बायको तशी पडलेली बघितली आणि टँकरच्या बाजूची पहार उचलून समोर जो आला त्याच्या डोक्यात घातली. तो आवाज मी अजून ऐकतो. ओला आवाज होता. तो माणूस गुडघ्यावर आला, कानातून रक्त यायला लागलं, आणि तो दोन्ही हातांनी कान धरून नुसता बघत राहिला, कुणी हाक मारल्यासारखा.

मी काय केलं? मी चावी दिली.

हे मला लिहायला जड जातं. मी चावी दिली, रुंद लेन्स लावली आणि पुन्हा बोट दाबलं. चावी संपली, परत दिली. व्ह्यूफाइंडरच्या चौकटीत ते सगळं लहान दिसत होतं, लांबचं. उजेड बरोबर आहे, सगळं नीट येतंय, एवढंच डोक्यात होतं. मला बरं वाटत होतं.

"ए, ह्यो बघा, फिलिम काढून राहिला!"

पहिला फटका पाठीत बसला. मी कॅमेरा स्टँडवरून ओढून छातीशी धरला. दोघांनी स्टँड जमिनीवर आपटून त्याचा एक पाय मोडून काढला आणि त्यानंच मला मारायला सुरुवात केली. मी डोकं वाचवायला डावा हात वर केला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मी पडल्यावर लाथा. एकजण कॅमेऱ्याचं झाकण उघडायला बसला. त्याला ते जमेना, तर त्यानं दगडानं खटका तोडला आणि आतली फिल्म मूठमूठ ओढून उन्हात फेकली. सापाच्या कातीसारखी ती धुळीत पडत होती.

उस्ताद पारावरून धावत आले. साठीच्या पुढचा माणूस, हात जोडत होते, "अरे बाबांनो, अरे लेकरांनो." एकानं त्यांच्या तोंडावर काठीच मारली. ते कॅमेऱ्यावर पालथे पडले. रक्ताची गुळणी टाकली, आणि तशात त्यांनी झाकण पोटाखाली दाबून बंद केलं. जीपच्या ड्रायव्हरनं आम्हाला दोघांना कसं आत ओढलं ते मला आठवत नाही.

उदगीरच्या दवाखान्यात माझ्या हाताला प्लॅस्टर घातलं. उस्तादांचे पुढचे तीन दात गेले होते. सुजलेल्या तोंडानं ते म्हणाले, "पूर्ण गेली नसंल. जे आधी घेतलं ते सगळ्यात आत गुंडाळलेलं ऱ्हातं. उजेड वरच्या वेढ्यांना खातो. आतली गुंडाळी तशीच आसंल." कॅमेरा त्यांनी काळ्या कापडात गुंडाळून उशाशी ठेवला होता.

फिल्म मुंबईला धुवायला पाठवली. परत आली तेव्हा स्टुडिओत प्रोजेक्टरच्या मशीनवर लावून भिंतीवर बघितली. उस्ताद, मी आणि संस्थेचे एक व्यवस्थापक. मारामारी सगळी गेली होती, नुसता पांढरा उजेड. पहार नाही, काठ्या नाहीत, म्हातारीचे दात नाहीत. त्या रिळात उरली होती फक्त पहिली चावी. कडेला पांढरे डाग, मध्ये ती बाई. लाइन सोडून पुढे येते, नळीपाशी उभी राहते, मग तिला कुणीतरी ओढतं.

व्यवस्थापक म्हणाले, "हेच पाहिजे. बाई लाइन तोडून घुसली, भांडण तिनं लावलं. आपल्या टँकरचा काही दोष नाही. पोलिसांना देऊन टाकू."

तिचा नवरा तेव्हा कोठडीत होता. ज्याच्या डोक्यात पहार बसली तो वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला.

व्यवस्थापक निघून जाईपर्यंत उस्तादांनी वाट बघितली. मग विचारलं, "ती कॅमेऱ्याकडं बघून राहिली. कामून?"

मी सांगितलं. उस्तादांनी मशीन बंद केली, रीळ डब्यात घातलं, डबा माझ्या हातात दिला आणि नांदेडची बस धरली.

तिसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो आणि बाईला पुढे मी बोलावलं होतं असा जबाब लिहून घ्या म्हणालो. फौजदारानं लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाला, "तुमचा हात मोडलाय, तुम्ही फिर्यादी. आता आरोपीबी तुम्हीच व्हायलात का?" संस्थेनं काम काढून घेतलं. वडिलांनी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

गावात जायला मला महिना लागला. बाई ओसरीवर बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं चेचून काळी पडली होती. तिच्या सासूनं मला ओळखलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी म्हणालो, "चूक माझी होती, ताई. मी पोलिसांना सांगितलंय."

"म्या पयल्या दिवसापासून तेच सांगून राहिले," ती म्हणाली. "फोटूवाल्यानं बोलावलं म्हणून गेले. कुणी ऐकंना. सासू म्हणली, पावडर लावून फोटूला गेलीस, घर जाळलंस. लई मारलं मला. दिरानं बी मारलं." तिनं पदर सारून दाखवलं. गळ्याखाली पिवळे पडलेले वळ होते. "आता पोलिसाला सांगून काय करू? गावाला सांगा."

मी पारावर गेलो. दोन्ही गल्ल्यांची माणसं होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझं बोलून होईतो कुणी हललं नाही. मग वरच्या गल्लीतला एक म्हातारा उठला, ज्याचा कान गेला त्याचा बाप. जवळ आला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "जा," म्हणाला. "बस येईल आता."

तिचा नवरा जामिनावर सुटला. खटला दोन-अडीच वर्षं रेंगाळला आणि शेवटी दोन्ही गल्ल्यांनी आपसात मिटवला. उस्तादांकडे मी पुन्हा जाऊ लागलो. पहिल्या रविवारी त्यांनी मला नुसतं बसवून ठेवलं, दुसऱ्या रविवारी कॅमेऱ्याचा तुटलेला खटका दुरुस्त करायला दिला. एका हातानं तो करायला मला संध्याकाळ झाली.

खटल्याच्या एका तारखेला ती बाई नवऱ्याबरोबर लातूरला आली होती. दुपारी ती एकटीच स्टुडिओचा जिना चढून वर आली. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "ती फिलिम हाय म्हणं तुमच्याकडं. मला बघायचीय."

मी तिला बाकावर बसवलं, खिडकी लावली आणि मशीन सुरू केली. भिंतीवर ती आली, घागर कमरेला, मागे चमकणारं पाणी. भिंतीवर तिला कुणी ओढेपर्यंत बाई एकटक बघत होती. भिंत पांढरी झाली.

"म्या हसून राहिले व्हते?" तिनं विचारलं.

"हो."

"मला ध्यानातच न्हाई." मग म्हणाली, "परत लावा."

मी परत लावली. अशी चार वेळा बघितली तिनं. चेचलेली बोटं मांडीवर दुसऱ्या हातात धरून ठेवली होती. पाचव्यांदा लावू का विचारलं तर म्हणाली, नको, मालक कोर्टापाशी उभे आहेत, आणि जळकोटची बस सुटेल. मग पदर डोक्यावर घेऊन ती जिना उतरून गेली.