दोन दारांची पंगत

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, तेव्हा मी कुणावर लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण नांदुऱ्यात आम्हाला फिजिक्स शिकवणाऱ्या सरांइतका एकाच कड्यात अडकलेला माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल. हे कडं होतं एका सर्पिल दीर्घिकेच्या, म्हणजे गॅलक्सीच्या, पोटातलं. सरांचं म्हणणं असं की, दीर्घिकेतला वायू समोरासमोरच्या दोन दारांतून त्या कड्यात शिरतो, दाराशीच नवे तारे जन्मतात आणि पुढं फिरता फिरता म्हातारे होतात. म्हणजे दारापासून ते वयानं ओळीत लागलेले असणार. विभागप्रमुख म्हणायचे, "तारे कुठंही फुटतात हो, कढईतल्या लाह्यांसारखे." सर तासिका तत्त्वावर, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं जमायचं नाही. मग ते आम्हाला गाठायचे. बसस्टँडवर, रसवंतीत, डबा खाताना. आमच्याच भाकरीवर ठेच्याचे ठिपके देऊन तारे मांडायचे. भूक लागलेली असायची, पण दीर्घिका मोडून खाणार कोण?

संग्रामपूरजवळच्या एका गावात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून पंगतीचं काम सरांकडे आलं आणि त्यांनी ती रांगांत न बसवता त्या कड्यासारखी गोल बसवली. मांडवाला समोरासमोर दोन दारं ठेवली. दोन्हीकडून वरणाच्या बादल्या एकाच दिशेनं फिरवायच्या ठरल्या. एका दाराला आम्ही विद्यार्थी, दुसऱ्याला गावातली पोरं. आमच्या बाजूला दाराशी वरण वाफाळतं, पुढं कोमट, टोकाला गार. टोकावरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "मास्तर, मले थंडं वरण काऊन?"

"थंडं हाय? मंग बराबर हाय," सर खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दारानं मात्र घात केला. ज्याचा सोयरा जिथं बसला, तिकडं तो पोरगा बादली घेऊन धावला. कुठं गरम, कुठं गार, मेळच नाही. भाचीचे वडील सरांना म्हणाले, "मास्तर, लग्न माह्या पोरीचं हाय, अन् प्रयोग तुमचा होऊन राह्यला." सर हिरमुसून त्या बिघडलेल्या अर्ध्या पंगतीकडे बघत राहिले.

पुढं कॉलेजनं त्यांचे तास बंद केले. सर गावी शेती करू लागले. जाताना म्हणाले, "नोकरीचं जाऊ दे. पण तारे ओळीत हायेत का लाह्या, एवढं मले कळलं पाह्यजे." पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करणारे त्यांचे एक वर्गमित्र त्या दीर्घिकेसाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागत होते, आणि अर्ज परत येत होता.

मी आता पुण्यात शिकतो. इथं माझ्या बोलण्याला हसतात, म्हणून मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलतो. पंगतीत बसलो की मात्र अजून वरणाला आधी बोट लावून पाहतो. मागच्या आठवड्यात त्या वर्गमित्रांनी मला बोलावून एक चित्र दाखवलं. शेवटी वेळ मिळाला होता. कड्याच्या एका अंगाला ताऱ्यांचे पुंजके ओळीनं, दाराशी कोवळे निळे, मग पिवळसर, मग म्हातारे तांबूस. दुसऱ्या अंगाला सगळी सरमिसळ. "तूच कळव त्याला," ते म्हणाले.

मी तिथूनच, त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांसमोर, फोन लावला आणि जसं होतं तसं सांगितलं. सरांच्या मागं फवारणीचा पंप चालू होता. तो त्यांनी बंद केला.

"तिथंही कोणाचे सोयरे बसले असतीन," ते म्हणाले. मग हळूच, "पण एका दाराचं तर बराबर निंघालं ना बे?"

"हाव सर," मी म्हणालो.