हॉलमधला स्टुडिओ आणि बाबा
लॉकडाऊन लागला आणि मी शिकवायचो तो क्लास बंद पडला. मालकांचा फोन आला, "सर, दहावीचं गणित घरूनच रेकॉर्ड करून पाठवा." डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं वन रूम किचन. आई, बाबा आणि मी. स्टुडिओ करायचा तर हॉलमध्येच.

कपाटावर करडी चादर ताणून बांधली. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकीला दोन गाद्या उभ्या केल्या. इस्त्रीच्या टेबलावर स्टूल, स्टुलावर पुस्तकांची चळत, तिला रबरबँडने मोबाइल. दोन्ही बाजूंना टेबललॅम्प, उजेड सौम्य पडावा म्हणून त्यांच्यासमोर बटर पेपर. दहा ते एक पंखा बंद, कुकर बंद, टीव्ही बंद.

बाबा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. दिवसभर टीव्ही हाच त्यांचा उद्योग. लहानपणी त्यांनी मला पट्ट्याने मारलेलं. एकदा आईला केस धरून जिन्यापर्यंत ओढत नेलेलं, शेजाऱ्यांनी दारं लावून घेतलेली. वय झाल्यावर हात थांबले, तोंड नाही.

तीन दिवस ते किचनमध्ये बसले. तिथे पंखाच नव्हता. घामाने बनियन अंगाला चिकटलेलं असायचं. आई मानेवर ओला टॉवेल ठेवायची, ते झटकून टाकायचे. चौथ्या दिवशी मी वर्गसमीकरण सोडवत असताना ते बाहेर आले आणि मोठ्याने टीव्ही लावला.

"बाबा, दहाच मिनिटं थांबा ना."

"माझ्या घरात मला गप्प बसवतोस?"

"गप्प नाही हो, फक्त आवाज..."

त्यांनी टेबलाला लाथ घातली. स्टूल, पुस्तकं, मोबाइल, सगळं खाली आलं. लॅम्प पडून बल्ब फुटला. मी मोबाइल उचलायला वाकलो तशी त्यांनी कानाखाली वाजवली. मग दुसरी. कान सुन्न झाला.

तिसरी मी मारली.

मी त्यांचं बनियन धरलं, त्यांना भिंतीवर आदळलं, तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. ते हात वर करून तोंड झाकत होते आणि मी मारतच होतो. मला दिसत होतं की ते आता मारत नाहीयेत. तरी हात थांबेना. आई ओरडत मध्ये आली. माझं कोपर तिच्या छातीवर बसलं. ती मागे पडली, हात टेकला तो फुटलेल्या बल्बवर.

रक्त बघून मी थांबलो.

खालच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तळहाताला सात टाके घातले. आई म्हणाली, "बल्ब बदलताना लागलं." डॉक्टरांनी बाबांच्या ओठाकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि टाक्यांवर पट्टी गुंडाळली.

जिना चढताना बाबा पुढे होते. आई मागे थांबली. "लागलं तर लागलं," ती म्हणाली. "पण तू अगदी यांच्यासारखा मारतोस रे. तुझं तोंडसुद्धा तसंच झालेलं."

मला तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं. आजही ते वाक्य आठवतं. बाबांना मारल्याचं वाईट वाटतं ते नंतर. आधी हे, की मारताना मला बरं वाटलेलं.

त्याच संध्याकाळी चादर सोडली, गाद्या काढल्या. मालकांना सांगितलं, घरून जमणार नाही. पुढे परवानगी मिळाली तेव्हा क्लासच्या नौपाड्यातल्या रिकाम्या वर्गात जाऊन उरलेले धडे केले.

बाबांनी परत हात उगारला नाही. मी घरात शिरलो की ते टीव्हीचा आवाज कमी करायचे. मी म्हणायचो, "असू दे हो, बाबा." माफी मी दोनदा मागायला गेलो, दोन्ही वेळा ते उठून बाल्कनीत गेले.

आईची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. पीठ मळता येत नाही तिला. ते आता बाबा मळतात, कधी घट्ट, कधी सैल. आई जसं असेल तसं लाटते.