पेत्र तरी रडला होता

गाडीने कसारा घाट चढायला घेतला आणि मला वाटलं, इगतपुरीला उतरावं आणि मागे फिरावं. गुडघा ठणकत होता. बॅगेत कपड्यांपेक्षा रंगीत कागद, गोंद आणि स्केचपेनच जास्त होती. बावीस वर्षं मी वसईत आमच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या मुलांना धर्मशिक्षण देते आहे. अलीकडे वर्गात बोलताना मला माझाच आवाज ऐकू येतो, आणि तो कंटाळलेला असतो. पण जबलपूरच्या सिस्टर आग्नेस माझ्या जुन्या मैत्रीण. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) तयारीतल्या मुलांसाठी तीन दिवसांचं शिबिर घ्यायला या, म्हणून त्यांनी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा नाही म्हणवेना.

रात्री जेवणाच्या वेळी समोरच्या बाकावरच्या बाईंनी पुरी आणि लोणचं माझ्यापुढे धरलं. मोठ्या प्रेमळ होत्या. "जबलपुर में कौन है आपका?" त्यांनी विचारलं. "शाळेचं काम आहे," असं मी हिंदीत सांगून टाकलं, आणि बोलता बोलता माझा हात गळ्याकडे गेला. साखळीतला क्रूस मी ओढणीखाली सारला. कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणी म्हणणारही नव्हतं. पुरी मात्र मी तशीच कागदात गुंडाळून ठेवली.

सकाळी जबलपूरच्या मदनमहाल स्टेशनावर चांगलीच थंडी होती. शाल गुंडाळून आलेल्या सिस्टरांनी मला पाहताच म्हटलं, "किती थकलीस गं!" त्या खोटं बोलत नाहीत, एवढा एक दोष सोडला तर फार चांगल्या आहेत. रिक्षा गढा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून निघाली. दुकानांची शटरं अर्धी उघडलेली, रस्त्याच्या मधोमध एक गाय, आणि कढईभोवती लोकांचं कोंडाळं. तिथे उभ्याउभ्याच पोहे आणि जिलबी खाल्ली. पोह्यांबरोबर जिलबी खायची इकडची पद्धत मला आधी विचित्र वाटली, मग दुसरी जिलबी मागितली.

मुलं तीसेक होती, पंधरा-सोळा वर्षांची. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाचे फैक्टरीत (इथे फैक्टरी म्हणजे तोफा-दारूगोळ्याचे सरकारी कारखाने), तर काही मंडल्याकडच्या खेड्यांतून येऊन वसतिगृहात राहणारी. पहिला दिवस वाया गेला. "श्रद्धा म्हणजे तुमच्यासाठी काय?" असं विचारलं की पुस्तकातली उत्तरं यायची, तीही बरोबर. मागच्या ओळीतून एकाने हात वर केला. मी आनंदाने त्याच्याकडे वळले.

"दीदी, ये एग्ज़ाम में आएगा क्या?" (हे परीक्षेला येणार का?)

सगळे हसले. मीही हसले, आणि उरलेला तास चित्रं काढायला दिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी एक मिनीबस ठरवून आम्हाला भेडाघाटला नेलं. नर्मदा तिथे पांढऱ्या, राखी, मधूनच गुलाबी झाक असलेल्या संगमरवराच्या उंच भिंतींमधून वाहते. नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवत प्रत्येक खडकाची गोष्ट सांगत होता, मुलं मागून ओरडून यमक पुरं करत होती. वर बाजारात कारागीर छोट्या मूर्ती घासत बसले होते, त्यांच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी भुकटी. धुवाँधार धबधब्याजवळ मी प्रभूचा शिष्य पेत्र याची गोष्ट वाचली. प्रभूला धरून नेलं त्या रात्री लोकांनी पेत्राला विचारलं, तू त्याच्याबरोबरचाच ना? तो तीनदा नाही म्हणाला, मग प्रभूने आधीच सांगितलं होतं तसा कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. पाण्याच्या आवाजात निम्म्यांना ऐकूच आलं नसावं.

परतताना मिनीबस पंक्चर झाली, आणि जादा ठेवलेलं टायरही बसलेलं निघालं. ड्रायव्हर ते घेऊन कोणाच्या तरी मोटरसायकलवरून गेला. मुलं टपरीवर मंगोडे (मूगडाळीची भजी) खायला पळाली. मी गुडघा लांब करून दगडावर बसले होते, तेवढ्यात शीतल साळवे शेजारी येऊन बसली. तिचं घर मूळ नागपूरकडचं, वडील फैक्टरीत. सगळ्या शिबिरात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच.

"दीदी, पेत्र तरी रडला होता," ती म्हणाली. "मी तर हसली."

"कधी?"

"शाळेत. प्राचीने विचारलं, तुझ्या आजोबाला ख्रिश्चन व्हायला किती बोरी चावल (पोती तांदूळ) भेटला होता? सगळ्या हसल्या. मी म्हटलं, दो बोरी, और हर इतवार ब्रेड फ्री. मग तर अजूनच हसल्या." ती चपलेने माती उकरत होती. "मागे वळून पाहिलं तर पप्पा गेटवर उभे. मला घ्यायला आलेले. त्यांनी ऐकलं."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. स्कूटर चालू केली. सहा महिने झाले, आजपर्यंत काहीच नाही."

एखादं वचन सांगायचं, पाठीवर हात ठेवायचा, हे मला सवयीने जमलं असतं. मी तिला गाडीतली पुरी आणि ओढणीखाली गेलेला क्रूस सांगितला.

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही पण? मग तुम्ही आम्हाला काय शिकवून राहिल्या?"

"मलाही तेच कळत नाहीये," मी म्हटलं. ते खरं होतं. ती उठली नाही. टायर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पालक सभागृहात जमले. प्रत्येक मुलाने दोन शब्द बोलायचे होते. शीतलने सेवेवर लिहून आणलेला कागद उघडलाच नाही. गेटजवळ जे घडलं ते तिने हिंदीत, घाईघाईने, एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "मुझे अच्छा नहीं लगा. बस." सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. सिस्टरांनी पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

चहाच्या वेळी तिचे वडील आमच्याकडे आले. करडा स्वेटर घातलेला, सडपातळ माणूस, हातातला कप तसाच भरलेला.

"तुला वाटलं मी रागावलो?" त्यांनी तिला विचारलं.

"मग काहून नाही बोलले?"

"काय बोलू? मी बी तेच करून राहिलो ना, किती वर्षांपासून. फैक्टरीत डब्याच्या वेळी कोणी असं काही बोललं की सगळ्यात आधी मीच हसतो. गोष्ट लवकर संपते." त्यांनी कप खिडकीत ठेवला. "तुझ्या आबाला तांदूळबिंदूळ काही नाही भेटला, बेटा. उलट भावांनी शेतातून काढलं. दोन कपडे घेऊन निघाला होता तो."

शीतलचा चेहरा उतरला. "हे मला कधी काहून नाही सांगितलं?"

"सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं, "लाज आबाची नव्हती वाटत जी. माझीच वाटत होती."

तिने त्यांच्या स्वेटरची बाही धरली. मी ताटल्या गोळा करायला निघून गेले.

संध्याकाळी दोघं मला सोडायला स्टेशनावर आले. गाडी दोन तास उशिरा होती. साळव्यांनी खव्याची जिलबी आणली होती, काळीभोर, पाकात जड झालेली. ती खात आम्ही फलाटावर त्यांच्या आबांबद्दल बोलत बसलो. बोलत होते ते दोघंच. मी ऐकत होते, आणि बऱ्याच दिवसांनी मला कुठे जायची घाई नव्हती.

घरी आले ती ताप घेऊनच. दोन दिवस अंथरुणात काढले. थकवा गेला असं म्हणणार नाही. या वयात तो कुठे जात नाही. गुरुवारी शीतलचा फोन आला. तिने प्राचीला गाठून सगळं सांगितलं होतं.

"दीदी, तिला आठवतच नव्हतं! मी सहा महिने झोपली नाही धड, आणि ती म्हणे, कधी बोलली मी असं?"

"मग?"

"मग सॉरी म्हणाली. मग विचारलं, तुम्ही दर इतवारी चर्चमध्ये जाऊन करता तरी काय. मी सांगायला लागली, तर बेल वाजली."

"बेल वाजेपर्यंत किती सांगून झालं?"

"एवढंच की, मला तिथं जावंसं वाटते."

बावीस वर्षांच्या माझ्या वह्या समोर कपाटात रचलेल्या होत्या. मी फोन ठेवला, पाणी प्यायले, आणि येत्या रविवारच्या वर्गात काय विचारायचं ते लिहायला बसले. प्रश्न एकच सुचला: दर रविवारी आपण इथे येऊन करतो तरी काय? त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून तो तसाच ठेवला.