छप्पर कापलेली गाडी

धाकट्या भावाने ती लाल गाडी पहिल्यांदा पाहिली ती सीताबर्डीवर, एका वरातीत. नवरदेव मागच्या सीटच्या पाठीवर चढून बसलेला, पुढे बँड, आणि गाडी लांब नाकाची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, परदेशी मासिकातल्या फोटोसारखी. त्या दिवसापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ती परदेशी वगैरे काही नव्हती. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत खरी स्पोर्ट गाडी नागपुरात कोण आणणार होतं? एखादी म्हातारी झालेली साधी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापायचं, मागची दोन दारं कायमची बंद करायची आणि वरून फायबरचं अंग चढवायचं. झाली स्पोर्ट. धंदेवाले अशा दोन-चार गाड्या बाळगून होते. लग्नसराईत मोसम करायचा, रंग उडाला की पुढच्या उल्लूला विकायची.

तो उल्लू आमच्या घरचा होऊ पाहत होता, म्हणून मला राग होता. आजही तो गेलेला नाही.

आमचे वडील कोष्टी. हातमाग बंद पडले, वडील गेले, मग मागांची जागा आम्ही विकली. भावाच्या वाट्याला जे आलं ते आयुष्यात एकदाच येतं. पुन्हा विकायला दुसरी जागा नव्हती. त्याच्या बायकोला मनीषनगरला प्लॉट घ्यायचा होता. तेव्हा तिकडे शेतं होती, रस्ता नव्हता, लोक हसायचे. पण तिचं म्हणणं सरळ होतं: भाड्याच्या दोन खोल्यांत मुलं मोठी करायची नाहीत. भाऊ एका फोटो स्टुडिओत नोकरीला. रोज दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो धुऊन त्याला वाटायला लागलं होतं की सगळं जग लग्नांवरच चालतं. वाट्याच्या पैशांतून ती लाल गाडी घ्यायची आणि वरातींना भाड्याने द्यायची, हा त्याचा बेत.

एके दुपारी वहिनी नंदनवनला माझ्या घरी आली. पाणीही न पिता म्हणाली, "ताई, उद्या ते गाडी पाहाले चालले. तुमी जा न सोबत. माह्यं कोणी ऐकत नाही."

"माझं ऐकतो असं कोण म्हणालं?"

"ऐकत नाही, पण तुमाले भेतात."

हे खरं होतं. आणि दुसरंही एक खरं होतं, जे घरात कुणी मोजत नसे. मी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या कारखान्यात होते. आम्ही कूलरच्या टाक्या आणि अंगं बनवायचो. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून राळ ओतायची, रोलरने दाबून हवा काढायची. हे काम बायका करायच्या आणि तयार माल तपासून पास किंवा नापास मी करायची. म्हणजे दिवसभर माझं काम हेच, की वरून चकचकीत दिसणारी वस्तू आतून काय आहे ते ओळखायचं. पण भावाच्या लेखी मी कूलरवाली. गाडीसाठी त्याने मिस्त्रीकाका ठरवले होते. मिस्त्रीकाका म्हणजे वडिलांच्या ओळखीतले जुने मेकॅनिक. आमच्या नात्यातल्या कुणीही स्कूटर जरी घेतली तरी मिस्त्रीकाकांनी मान हलवल्याशिवाय घेतली नव्हती.

सकाळी मी भावाच्या दारात जाऊन उभी राहिले तर तो म्हणाला, "ताई, बाया कुठं गाडी पाहाले जातात वं?"

"बाया गाडीत बसतात न? मंग पाहाले काहून नाही? चल गा, वेळ होऊन राहिला."

विकणारा एका ठेकेदाराचा मुलगा. मोठा बंगला, बाजूला शेड, शेडमध्ये गाडी. माणूस अंगाने भारी, बोलायला गोड. मिस्त्रीकाकांना घेऊन आम्ही पोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली होती: गाडीच्या नाकावर झेंडूची माळ, ताटात हळदकुंकू, लिंबं आणि सोललेला नारळ.

या नारळाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गाडी घेतली की तिच्यापुढे नारळ फोडतात. आणि एकदा फोडला की गाडी तुमची. नंतर खोट निघाली तरी परत करायची नाही, अपशकुन होतो, शिवाय लोक म्हणतात देवापुढे शब्द फिरवला. हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून नारळ त्याने आणून ठेवला होता. ज्याने घ्यायची त्याने नारळ आणावा ही रीत. इथे उलटं होतं, आणि भावाला त्यात नुसता मोठेपणा दिसला. "पाहा, किती चांगली माणसं आहेत," असं त्याने मला डोळ्यांनी सांगितलं.

मिस्त्रीकाकांनी बोनेट उघडलं, इंजिन सुरू करायला लावलं, कान वाकडा केला आणि म्हणाले, "एकदम रेडी आहे. डोळे मिटून घे." हे म्हणताना त्यांनी गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी पर्समधून किल्ली काढली आणि नाकापासून ठोकत निघाले.

"ताई, रंग जाईल ना," ठेकेदाराचा मुलगा हसत म्हणाला. "रंग इंपोर्टेड आहे."

"रंगाचं मंग पाहू. डिक्की उघडा."

"डिक्कीत काय पाहायचं आहे? सामानाची जागा आहे."

"त्याचसाठी."

फायबरचं असं असतं की साच्याकडची बाजू नेहमीच गुळगुळीत येते. त्यात बनवणाऱ्याचं काही कौतुक नाही, साचा गुळगुळीत असतो म्हणून वस्तू गुळगुळीत असते. माणसाचा हात कळतो तो उलट्या बाजूला. पुढचं नाक मी आतून हाताने चाचपलं, ते चांगलं होतं. सारख्या जाडीचं, कुठे पोकळ वाजत नव्हतं. ज्याने ते केलं त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवलं असतं. पण मागचा भाग कुणा दुसऱ्याच्या हातचा होता. किल्ली मारली की कुठे टणक, कुठे फुसका आवाज. फुसका म्हणजे आत हवा राहिली आहे किंवा खड्डा भरायला पुट्टीचे थर चढवले आहेत. मी डिक्कीत डोकं घालून वर पाहिलं. बाहेर ऊन होतं. जिथे चटई पातळ पडली होती तिथून लाल उजेड आत येत होता, ठिगळं ठिगळं. वडील लुगडं मागावरून उतरवलं की दारात उजेडासमोर धरून पाहायचे, कुठे धागा सुटला ते दिसायचं. मला गाडीच्या डिक्कीत तेच दिसत होतं.

मी भावाला म्हटलं, "ये इकडे, वाकून पाह्य."

"तू पाहून राहिली न? मले काय समजते त्यातलं."

"तेच म्हणते मी."

मिस्त्रीकाका हसले. "बाई, हा कूलर नाही. गाडी इंजिनावर चालते."

तेवढ्यात चहा आला. शेडच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या मुनिमासह सगळ्यांना एकाच ट्रेमधून, साखर घातलेला. एक कप मात्र पोऱ्याने वेगळा उचलून मिस्त्रीकाकांच्या हातात दिला, "हा बिनसाखरेचा" म्हणून. मी माझा चहा घेतला. त्या वेळी माझं लक्ष गाडीच्या फरशीकडे होतं.

फरशीवर गालिचा चिकटवलेला होता. एका कोपऱ्यात सुटला होता, तो मी धरून ओढला. ठेकेदाराचा मुलगा "अरे अरे" म्हणेपर्यंत हातभर वर आला. खाली डांबर फासलेलं. डांबराखाली पत्र्याचे तुकडे रिबिटांनी ठोकलेले आणि त्यांच्याखाली गंज. दारांच्या खालचा जो आडवा भाग असतो, तिथे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "इथं लोखंडी पाइप का नाही टाकला?"

"कशाला पाहिजे?"

आता कशाला ते मी सांगितलं, आणि गोड बोलून सांगितलं नाही. साधी बंद गाडी म्हणजे पेटी असते. खालचा तळ, बाजू आणि वरचं छप्पर मिळून वजन पेलतात. छप्पर कापलं की पेटीची परात होते. मग खालून दोन्ही बाजूंनी जाड पाइप जोडून घ्यावे लागतात, नाहीतर ती मधोमध वाकते. कूलरची वरची चौकट काढून मोटर दुरुस्त करायला बसा, बाजू फाकतात की नाही ते कोणत्याही नागपूरकराने पाहिलेलं असतं. हीच गोष्ट आहे. अभियंता लागत नाही.

"एवढ्या वराती केल्या ताई, कुठं वाकली?" तो म्हणाला.

"बसा मग आत. तिघंही."

"कशाला?"

"नवरदेव काय एकटा बसणार आहे? करवली बसेल, दोन पोरं बसतील, एखादा मामा लटकेल. तिघं तर बसून दाखवा."

भाऊ तोंड पाडून स्टिअरिंगवर बसला, शेजारी मिस्त्रीकाका, मागे ठेकेदाराचा मुलगा. रिकामी असताना दाराच्या वरच्या फटीत माझं बोट जात होतं. मागचा माणूस बसला तशी गाडी कण्हली. मी दोन्ही दारं ढकलून लावली. फटीत आता नखही जाईना.

"उघडा," मी म्हटलं.

भावाने मूठ दाबली. दार उघडेना. मिस्त्रीकाकांनी आपल्या बाजूचं ओढून पाहिलं, मग खांदा लावला. नाही.

"नवीन रबर आहे," ते म्हणाले. "नव्या रबरानं अटकते."

"आत्ता बसताना उघडलं तेव्हा रबर जुनं होतं का?"

भावाने मिस्त्रीकाकांच्या दाराला आडवं होऊन लाथ मारली. दार तसंच. शेवटी दोघं दारावरून उड्या मारून बाहेर आले. ठेकेदाराच्या मुलाला ते जमण्यासारखं नव्हतं. तो मागून, डिक्कीवरून सरकत उतरायला गेला आणि त्याच्या गुडघ्याखाली फायबर करकन वाजलं. वजन उतरल्यावर दारं आपोआप सैल झाली. मी एका बोटाने उघडून दाखवलं.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. मलाही वाटलं. तीन मोठे पुरुष डोळ्यांदेखत एका गाडीत अडकले होते. यापेक्षा अधिक काय दाखवायचं असतं?

मिस्त्रीकाका हात पुसत भावाला म्हणाले, "बेटा, छोटी गोष्ट आहे. एक पट्टी मारून देतो खालून. दोन दिवसाचं काम." आणि माझा भाऊ, माझ्या आईच्या पोटचा, मान हलवायला लागला! ठेकेदाराच्या मुलाने ताटातला नारळ उचलून त्याच्या हातात दिला. "देखो भाऊ, मुहूर्त टळून राहिला आहे. वरून किमतीत कपात करून देतो."

"ठेव तो नारळ," मी म्हटलं.

"ताई, तू गप राय. चार माणसात तू माह्या तोंडाले काळं फासलं."

"दार मी अटकवलं का गा? दोन पोरं घेऊन बसशील अन् कुठं धडकली, आग लागली, तर कोण्या दारातून काढशील त्याहीले?"

"तुले पहिलेपासूनच घेऊ द्यायची नव्हती. प्लॉटवाल्या पार्टीची आहे तू."

तो नारळ फोडायला गाडीपुढे मांडलेल्या दगडाकडे वळला. हात वर गेला. मला तेव्हा तो चहा आठवला. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला तो पुरावा वाटलाच नव्हता.

"काका," मी विचारलं, "तुम्ही इथं आज पहिल्यांदा आले न?"

"हो तर. तुमच्यासोबतच आलो."

"मग तुम्हाला साखर चालत नाही हे या घरच्या पोऱ्याला कसं ठाऊक?"

ठेकेदाराचा मुलगा म्हणाला, "अरे, वय झालं की सगळेच..." आणि थांबला, कारण ट्रेमधला साखरेचाच चहा घेतलेला त्याचा स्वतःचा म्हातारा मुनीम समोर बसला होता. भावाने काकांकडे पाहिलं. काकांनी खिशातून रुमाल काढून आधीच पुसलेले हात पुन्हा पुसले.

भावाने नारळ ताटात ठेवला आणि फाटकाकडे चालायला लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. वाकलेली गाडी, गंजलेला तळ, न उघडणारं दार, यातलं काहीच त्याला पुरलं नाही. बहीण सांगते आहे, तेवढ्यावर तर नाहीच. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाचा भरवसा तोडला, दलाली खाल्ली, तेव्हा कुठे त्याचे पाय हलले. काकांनी दलाली घेतली नसती आणि नुसत्या अडाणीपणाने "रेडी आहे" म्हटलं असतं, तर वडिलांच्या मागांची जागा आज कुठल्या तरी कबाड्याकडे गंजत पडली असती.

घरी पोचलो. वहिनी दारातच उभी होती. माझ्याकडे न पाहता तिने त्याला विचारलं, "घेतली?"

"नाही," भाऊ चपला काढत म्हणाला. "मले पसंत नाही पडली. दारं बरोबर नव्हती. अशा गाडीत आधी दारंच पाहा लागते."

वहिनी खाली उंबऱ्यावरच बसली. तिला रडू आलं होतं, ते तिने पदराने दाबलं. भाऊ आत गेला आणि तिथून मोठ्याने मुलाला समजावून सांगायला लागला, छप्पर कापलं की गाडी मधात कशी वाकते ते. अगदी बरोबर सांगत होता. एक शब्द चुकला नाही.

मी आत गेले नाही. वहिनीला म्हटलं, "उद्याच जाऊन प्लॉटचं पक्कं करा. त्याचं डोकं फिरायच्या आत. नाव तुझंही घाल." आणि नंदनवनला पायीच निघाले.