भुशासाठी दाबलेलं बटन

प्रकाशचा ट्रक माझ्या गॅरेजसमोरचा चढ बैलगाडीच्या चालीनं चढला. इंजिन चालू, पण ताकद नाही. मागं सिहोऱ्याचा हिरवा मटार, पोत्यांत भरलेला. दुसऱ्या सकाळी नागपूरच्या मंडीत पोचला नाही, तर पोत्यातच तापून पिवळा पडणार होता.

"काकू, ही नवी इंजिनंच बेकार," प्रकाश म्हणाला. ट्रकचा मालक तो. "ती जाळी कापून फेका. जुनी गाडी कधी अशी अडली होती काय?"

"जुनी गाडी धूर बाहेर सोडे. ही पोटात ठेवते. कापत नाही. आधी पाहू दे."

जाळी म्हणजे सायलेन्सरमधला फिल्टर. डिझेलची काजळी त्यात अडकते. जाळी भरत आली की इंजिन सायलेन्सर खूप तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजन म्हणतात. ते झालं नाही तर जाळी तुंबते आणि गाडीचा कम्प्युटर ताकद कमी करतो. मी चौथी शिकलेली. मला कळलं, म्हणजे कोणालाही कळेल.

केबिनमध्ये चढले. पॅनलवर पिवळा दिवा. रिजन थांबवायचं बटन दाबलेलं.

"कमलेश, ये किसने दबाया?"

"हमने, अम्मा," ड्रायव्हर म्हणाला. "पिछले महीने भूसा ढो रहे थे. नीचे सायलेंसर आग जैसा, ऊपर भूसा."

"अच्छा किया. फिर वापस काहे नहीं उठाया?"

"भूल गए."

प्रकाश भडकला. "अन् दिवा पेटून राहिला होता, ते काहून नाही सांगितलं?"

"बताया था, भैया. आपने कहा, कंपनी की नौटंकी है, चलते रहो."

प्रकाश पोती मोजायला मागं गेला.

मी लॅपटॉप जोडला. जाळी बरीच भरली होती, पण अजून जाळून साफ होईल इतकीच. ट्रक वाळक्या गवतावरून काढून सिमेंटवर घेतला, बटन सोडलं आणि उभ्या गाडीतच रिजन लावलं. पाऊण तास इंजिन गरजत राहिलं. प्रकाश मधूनमधून पोत्यात हात घालून मटार तापला का ते पाहत होता.

दिवा विझला. ट्रक बायपासकडे नीट पळाला.

दुसऱ्या सकाळी कमलेशचा फोन आला. "मटर हरा है, अम्मा. बिक रहा है."

आता भुसा उतरला की प्रकाश स्वतः त्याला बटनाचं विचारतो. नव्या इंजिनावर त्याचा अजून भरवसा नाही. दिवा मात्र पाहतो. तेवढं पुरतं.