मामा आणि फिरती खाट

सरकारवर आमच्या मामांनी जितके बारीक लक्ष ठेवले, तितके सरकारनेही स्वतःवर कधी ठेवले नसेल. हे माझ्या पत्नीचे मामा. राहायला पालघरला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, तसे मामा सरकारला लागले. तालुक्यात कुठे मोरी बांधली, कुठे नळ बसला, कुठे चावडीला चुना लागला की टोकाने भिंत टोचून बघायला मामा छत्री घेऊन निघालेच. त्यांना कोणी बोलावलेले नसे. ‘आपल्या घरी जायला आमंत्रण कशाला?’ असे ते म्हणत आणि साहेबांच्या रांगेतली पहिली खुर्ची पकडत. मामी मात्र कपाळाला हात लावी. “घरचं कौल तीन पावसाळे गळतंय, त्याकडे बघायला यांना सवड नाही. आणि सरकारचं छप्पर तपासायला हे चालले सफाळ्याला!”

सफाळ्याच्या त्या रस्त्याची गोष्ट खरीच आहे. स्टेशनापासून आतल्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवे डांबर पडले होते. साहेब जीपमधून उतरून म्हणाले, रस्ता उत्तम झाला. मामांनी पायातले जोडे काढून माझ्या हातात दिले आणि भर दुपारी त्या रस्त्यावरून अनवाणी चालू लागले. मी म्हटले, “मामा, पाय भाजतील.” ते म्हणाले, “जावईबापू, जोडे फितूर असतात. तळवे खरं बोलतात.” फर्लांगभर गेल्यावर डांबराचा एक पोपडा भाकरीसारखा त्यांच्या तळव्याला चिकटून आला. तो त्यांनी तसाच नेऊन साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर ठेवला. “आपला रस्ता. सांडला होता.” साहेबांनी तो रुमालात गुंडाळून ड्रायव्हरकडे दिला. असल्या तपासणीचा रकाना त्यांच्या कुठल्याच फॉर्मात नव्हता.

टाळ्यांच्या बाबतीतही मामांचा असाच बाणा होता. एका गावी नळाचे उद्घाटन होते. पाहुण्यांनी तोटी फिरवली, पाणी आले, मंडप टाळ्यांनी दणाणला. मामांनी दोन्ही हात टाळीच्या पवित्र्यात वीतभर अंतरावर धरले आणि तसेच ठेवले. शेजारचा म्हणाला, “वाजवा की.” मामा म्हणाले, “थांबा, जरा वाहू द्या.” पाहुणे जनतेच्या तहानेवर फार मनापासून बोलत होते. त्यांचे भाषण अर्ध्यावर आले आणि नळाने आचका दिला. सकाळी गड्यांनी घागरी वाहून टाकी भरली होती, ती संपली होती. मामांनी तेव्हा कुठे हात खाली घेतले. या देशात नळाला पाणी येण्यापूर्वी हार येतात, आणि हार घालणाऱ्याला आपण काय घालतो आहोत याची लाज वाटत नाही, हे मामांचे मत. मी आकड्यांत वावरणारा माणूस आहे. त्या मताविरुद्ध जाणारा आकडा मला अजून सापडलेला नाही.

पण मामांची खरी करामत सामान ओळखण्यात होती. माणसांची नावे ते हटकून विसरत. लग्नात मला दोनदा माझ्याच धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली होती. खुर्ची, टेबल, बाक मात्र एकदा पाहिले की विसरत नसत. अशातच मुरबे गावाच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात नवा दवाखाना उघडणार असल्याचे कळले. तारापूरकडे तेव्हा मोठ्या बांधकामाचे ट्रक धावू लागले होते, आणि या भागात काहीही उघडायला पाहुणे आनंदाने येत. दवाखाना ज्या खात्याचा, त्याचे नाव मी घेत नाही. खात्यांची नावे तेवढी वेगळी असतात, कारभार एकच.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे सजून होते. पांढरी भिंत, काचेचे कपाट, त्यात बाटल्या, चार खुर्च्या, पांढऱ्या पातळातली एक नर्स, आणि मधोमध गादी घातलेली हिरवी लोखंडी खाट. मामा खाटेपाशी थांबले. डोक्याकडच्या पट्टीवर रंग उडून चिंचोक्याएवढा डाग पडला होता. त्यावर त्यांनी बोट फिरवले. “काय गं,” ते खाटेला म्हणाले, “तू परत आलीस?” मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, “जावईबापू, गेल्या दोन दवाखान्यांच्या उद्घाटनाला हीच होती.”

तेवढ्यात एक वयस्क कोळीण आपल्या सुनेला हाताला धरून आत आली. सुनेला दिवस गेले होते. म्हातारीने गादी दाबून पाहिली, सुनेला दाबायला लावली. आम्हाला म्हणाली, “गेल्या खेपेला हिला होडीत घातली, तर खाडीत पानी नाय. ओहोटी. भरती येईपतुर चिखलात बसून होतो आमी. पोर गेलं.” मग नर्सकडे वळून, “आता हितंच व्हनार नं, बाय?” नर्स गादीवरची चादर सारखी करू लागली.

पाहुणे आले, फीत कापली, नारळ फुटला, आरोग्यावर भाषण झाले, गाड्या गेल्या. धूळ बसते न बसते तोच मागच्या बाजूला ट्रक लागला. कारकून आणि चार शिपाई उतरले आणि गादी गुंडाळू लागले.

मामा खाटेवर जाऊन बसले.

“अहो काका, उठा. सामान न्यायचंय.”

“कुठं?”

“चिंचणीकडं. परवा तिथं उद्घाटन आहे.”

म्हातारी पुढे आली. “म्हंजे ही खाट आमची नाय?”

“तुमची येईल मागाहून. ही पाहुण्यांना दाखवायला आणली होती.”

“पाहुणे ठणठणीत आहेत,” मामा म्हणाले. “त्यांना खाट लागत नाही. हिला लागते.”

कारकुनाने खूण केली. चौघा शिपायांनी मामांसकट खाट उचलली. मामांनी छत्री मांडीवर आडवी घेतली आणि पालखीतल्या माणसासारखे ताठ बसून दारापर्यंत गेले. दारात खाट अडली. ती आडवी केल्याशिवाय बाहेर निघत नव्हती, आणि आडवी करावी तर मामा पडणार. “पाडा,” मामा म्हणाले. “म्हणजे दवाखान्याला पहिला रोगी मिळेल.” शिपाई हसले आणि खाट खाली ठेवली. पण कारकून चिडला होता. आणखी दोन गडी बोलावतो म्हणाला.

म्हातारी मघाशीच बाहेर गेली होती. ती आली ती डोक्यावर पाटी घेऊन. “मामा, तुझ्या वजनानं काय व्हनार? सरक जरा,” असे म्हणून तिने ओल्या जवळ्याची, त्या बारीक कोळंबीची, अख्खी पाटी गादीवर उपडी केली. पाणी गादीत मुरले, वास खोलीभर झाला.

“बाई! हे काय केलंस?”

“वालत घातलाय. सरकारी गादी हाय, बेस वालंल.”

“परवा हिच्यावर पाहुणे हात ठेवणार आहेत!”

“ठेवू दे की. दोन दिस हाताला वास र्‍हाईल. तवा तरी आमची आठवन व्हईल.”

कारकुनाने नाकाला रुमाल लावला. मामांच्या शुभ्र धोतरावर जवळा पसरला होता. खाण्यात लसणीच्या पुढे ते आयुष्यात कधी गेले नव्हते. पण जागचे हलले नाहीत. शेवटी खुर्च्या, कपाट, बाटल्या आणि नर्स यांना घेऊन ट्रक गेला. खाट राहिली.

पुढे मामांनी अर्ज केले. खात्याकडून उत्तर आले की प्रकरण विचाराधीन आहे. सुनेचे दिवस मात्र कोणाच्या विचारासाठी थांबणारे नव्हते. गादी धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा खाटेवर घातली होती, तिच्यावरच सून बाळंत झाली. सोबत गावची सुईण होती, आणि उद्घाटनाला आलेली ती नर्सही होती. नर्स सुट्टी टाकून स्वतःच्या पैशाने एस.टी.ने आली होती, आणि हे खात्याला कळू देऊ नका म्हणून तिने हात जोडले. एवढ्या मोठ्या खात्यातले नीट झालेले एक काम, तेही चोरून.

निरोप आला तसे मी आणि मामा गेलो. मुलगी झाली होती. म्हातारी दारातून म्हणाली, “आत ये की, मामा. तपासून घे.” मामा पायरीवरच बसले. “नको. इथून ऐकू येतंय,” म्हणाले. आतून पोर खणखणीत रडत होती. ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. त्या दिवशी त्यांनी भिंतीला छत्रीचे टोकसुद्धा लावले नाही.

मामा गेल्या वर्षी वारले. आता त्यांचा विषय निघाला की लोक डांबराचा पोपडा सांगतात, नळ सांगतात आणि हसतात. मला पोर झाली त्या दिवशीचा परतीचा प्रवास आठवतो. एस.टी.त खिडकीशी बसलेले मामा पालघर येईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “जावईबापू, खाट राहिली, पण औषधांचं कपाट गेलंच हो आपल्या हातून.”